शिकारी, सावज आणि मधलं अंतर : माळरानावरच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

पाऊस सरला, गवत पिवळं पडायला लागलं, आणि छायाचित्रणाचं काम सुरू केलं. दख्खनच्या पठारावरचं एक माळरान, तिथले शिकारी आणि त्यांचं सावज, असा विषय. माळाचं नाव या नोंदींत कुठेही येणार नाही. लांडग्याची गुहा, खोकडाचं बीळ, माळटिटवीची अंडी, यांतल्या कशाचाही पत्ता फोटोबरोबर बाहेर जाऊ द्यायचा नाही.

माळाचा काही भाग अभयारण्यात येतो. तिथे छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. तो हातात आहे. अधिवासात बदल न करता, प्राण्यांना त्रास न देता काम करायचं ही त्यामागची अट मी अगदी शब्दशः घेणार आहे. लेन्सच्या आड येणारी गवताची काडीसुद्धा उपटायची नाही. गाडी ठरलेल्या चाकोरीवरच राहील. आवाज वाजवून बोलावणं नाही, खाणं टाकणं नाही, रात्री झोत टाकणं नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या वन्यजीव छायाचित्रांत शिकारी हा नायक असतो आणि सावज म्हणजे त्याच्या तोंडातलं मांस. काळवीट आयुष्यभर ज्या सावधपणाने जगतं, चरतं, पाडसं वाढवतं, त्यातलं काहीच त्या एका रक्ताळलेल्या चौकटीत येत नाही. मला दोघं एकाच चौकटीत हवे आहेत, आणि दोघंही जिवंत, पूर्ण प्राणी म्हणून. मधलं अंतर हाच फोटोचा विषय. ते अंतर कोण राखतं, कोण कापतं, कधी कुणाला परवडतं, हे दिसलं पाहिजे.

९ नोव्हेंबर

सध्या शिकाऱ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलंय. दुर्बीण काळविटांवर.

कळप चरत असताना सगळी डोकी एकाच वेळी खाली जात नाहीत. एक खाली जातं तोवर दुसरं वर येतं. कान मात्र खाली डोकं असतानाही फिरत असतात. एखाद्या मादीची मान वर येऊन तिथेच थांबली, दोन्ही कान पुढे वळले आणि तिचं चघळणं बंद झालं, तर ती जिकडे बघतेय तिकडे दुर्बीण न्यायची. बहुतेक वेळा गुराखी असतो किंवा गावातलं कुत्रं. चघळणं चालू ठेवून बघत असेल तर प्रकरण गंभीर नाही. हा फरक ओळखू यायला लागल्यापासून माळ वेगळाच दिसतोय.

डोळ्यांचं एक. चरणाऱ्या प्राण्यांच्या बाहुल्या आडव्या असतात. बर्कली विद्यापीठातले दृष्टीचे अभ्यासक मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २१४ प्रजातींच्या बाहुल्यांची तुलना केली. आडव्या बाहुलीमुळे क्षितिजाच्या पट्ट्यात सर्वदूर स्पष्ट दिसतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. आणि शेळी-मेंढीसारखे प्राणी मान खाली घालतात तेव्हा डोळा खोबणीत फिरतो, त्यामुळे बाहुली जमिनीला समांतरच राहते. म्हणजे चरतानाही क्षितिजावरची नजर सुटत नाही. मान खाली घातलेलं जनावर बेसावध आहे, असं समजून जवळ सरकणारा माणूस त्याला केव्हाच दिसलेला असतो.

आज एका कुत्र्याला बघून कळपातल्या तीन माद्यांनी उसळ्या मारल्या. चारही पाय ताठ, पाठ किंचित वाकलेली, सरळ वर. पळण्याच्या दृष्टीने ही उडी निरुपयोगी, वेग कमीच होतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत क्लेअर फिट्झगिबन आणि जॉन फॅनशॉ यांनी थॉमसन गॅझेल या छोट्या हरणांच्या अशाच उसळ्यांचा अभ्यास १९८८ मध्ये मांडला होता. रानकुत्र्यांनी पाठलागासाठी निवडलेली गॅझेलं कमी वेळा उसळत होती. उडी म्हणजे ‘तुला पाहिलंय, आणि माझ्यात दम आहे’ असा शिकाऱ्याला दिलेला निरोप. म्हणून उडीचा फोटो एकट्या हरिणाचा घ्यायचा नाही. ज्याला निरोप दिला तोही चौकटीत हवा.

१७ नोव्हेंबर

तांत्रिक नोंद, एकदाच नीट लिहून ठेवते.

काळवीट ताशी ७० किलोमीटरने धावत असेल तर सेकंदाला साधारण १९ मीटर. १/५०० सेकंदात ते जवळजवळ ४ सेंटीमीटर पुढे जातं, १/२५०० ला १ सेंटीमीटरच्या आत राहतं. पाय शरीरापेक्षा वेगाने हलतात. त्यामुळे पाठलाग गोठवायचा तर शटर १/२५०० किंवा त्याहून वेगवान. पॅनिंग करायचं, म्हणजे कॅमेरा प्राण्याबरोबर फिरवत मागचं धूसर होऊ द्यायचं, तर थेट १/६०, मधलं काही नको. मधल्या वेगांना फोटो धड स्थिरही नसतो आणि धड वाहताही नसतो.

दोघं एकाच चौकटीत हवे म्हटल्यावर खोलीचा, म्हणजे पुढून मागे किती पट्टा स्पष्ट राहतो याचा, प्रश्न येतो. ६०० मिमी लेन्स, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, लेन्सचं छिद्र एफ/६.३. ५० मीटरवर जेमतेम अडीच मीटर पट्टा स्पष्ट राहतो. ३०० मीटरवर हाच पट्टा ९० मीटरच्या वर जातो. म्हणजे लांब राहिल्याने सावज आणि शिकारी दोन्ही स्पष्ट मिळतात, शिवाय दोघांनाही माझी अडचण होत नाही. या प्रकल्पात लांबून काम करणं हे नाइलाजाने नाही, ठरवून आहे. लांबच्या फोटोचा शत्रू तापलेली हवा, त्याचं पुढे बघू. हिवाळ्यात सकाळचे पहिले दोन तास तरी मिळतात.

काळविटाचा नर प्रकाश मोजायला अवघड. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, मागे पिवळं गवत. पांढऱ्याला सांभाळून एक्स्पोजर घ्यायचं, काळ्यातला तपशील रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून वर काढता येतो. जळालेलं पांढरं कशानेच परत येत नाही.

डोळा शोधणारा ऑटोफोकस उघड्या माळावर उत्तम. उंच गवतात मात्र तो पुढच्या काड्यांवर अडकतो. तिथे फोकसचा एकच छोटा बिंदू, आणि फोकसचं काम शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर.

१ डिसेंबर

मोठं काही नाही, पण दिवस भरून गेला. माळावरचे बहुतेक शिकारी आकाराने छोटेच आहेत, आणि त्यांच्याकडे वळायला मला लांडगे न दिसणं हे निमित्त पुरलं.

भोवत्ये, गवतावरून फिरणारे शिकारी पक्षी, आलेत. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हे दरवर्षी थंडीत इकडे येतात. गवताच्या शेंड्यांना चाटत, पंख वर इंग्रजी व्हीसारखे धरून, सावकाश. चेहऱ्याभोवती घुबडासारखी तबकडी असते, त्यामुळे गवतातली खसखसही ऐकू येते. आमच्या माळावर त्यांचं मुख्य सावज नाकतोडे. भोवत्या आणि नाकतोडा एकाच चौकटीत बसवायचा म्हणजे नाकतोडा उडाला पाहिजे, आणि तो उडतो भोवत्या डोक्यावर आल्यावर. कॅमेऱ्यातली प्री-कॅप्चर सोय इथे कामाला आली. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा चौकटी साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या क्षणांतल्याही ठेवतो. माणसाचं बोट इतकं चपळ नाही. याला फसवणूक म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. समोर घडलं तेच नोंदलं जातंय, आणि त्यासाठी प्राण्याला काहीही करायला लावलेलं नाही. एवढंच की इलेक्ट्रॉनिक शटरमुळे जलद हलणारा पंख कधीकधी वाकडा उमटतो. असे फोटो बाद.

खरुची, हा लहानसा ससाणा, एका जागी फडफडत होती. शरीर वाऱ्याने हेलकावे खातं, डोकं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर. मी फोकस फक्त डोक्यावर ठेवला आणि पंख धूसर होऊ दिले, १/२५० ला. खाली उंदीर होता की नाही, मला दिसलं नाही. पण तिची नजर जिथे आहे तिथे चौकटीत जागा सोडली. सावज न दिसताही त्याची जागा दिसते.

बाभळीवर खाटीक पक्ष्याने टोळ काट्याला खोचून ठेवलेत. एक सरडाही होता. खाटकाच्या पायात ससाण्यासारखी पकड नसते, म्हणून काट्याचा आधार. ही बाभूळ संध्याकाळच्या उजेडात टिपली. खाटीक नाही, फक्त त्याचा साठा. मालिकेत हा एकच फोटो असेल जिथे शिकारी गैरहजर आहे.

१४ डिसेंबर

लांडगे. जोडी. सकाळी दोघं एका ओघळीच्या काठाने गेले. मादीचं पोट जड वाटलं. भारतीय लांडग्यांची पिल्लं बहुतेक हिवाळ्यात होतात, त्यामुळे ती ओघळ आता माझ्यासाठी बंद.

वनरक्षक दादा म्हणाले, “ताई, समोरच्या टेकाडावरून गुहा दिसेल बघा.” मी नको म्हणाले आणि कारणही सांगितलं. लांडगीण अस्वस्थ झाली की पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. त्या वाटेवर कुत्री आहेत, रस्ता आहे. शिवाय आज माझी गाडी तिथे थांबली, तर उद्या चाकांच्या खुणांवरून दुसरी थांबेल. दादांना पटलं. त्यांनीच मग वहीत त्या बाजूला महिनाभर गस्त वाढवायची असं लिहून घेतलं.

पिल्लांच्या फोटोंना फार मागणी असते हे मला ठाऊक आहे. पण हा प्रकल्प शिकारी आणि सावजाचा आहे आणि गुहेपाशी सावज नसतं. जिथे ते समोरासमोर येतात तिथेच मी असायला हवं.

११ जानेवारी

आजची नोंद मोठी.

धुकं वितळताना पोचले. वारा कळपाकडून माझ्याकडे. गाडी चाकोरीवर, इंजिन बंद, लेन्सला टेकू द्यायची बीनबॅग खिडकीवर. सुमारे तीसेक काळविटं. काळा नर मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून मिरवत होता. त्याचं लक्ष माद्यांवर. माद्यांचं लक्ष पूर्वेला. चघळणं बंद.

पूर्वेकडून एक लांडगा उघड्यावरून, अजिबात न लपता, दुडक्या चालीने येत होता. कळप पळाला नाही. तो जेवढा पुढे येई तेवढा कळप सरके, आणि अंतर साधारण तेवढंच राही. वीस-बावीस किलोचा लांडगा आणि उघडा माळ, यात काळविटाला घाई नसते. शर्यत लागली तर लांडगा हरणार हे दोघांनाही माहीत आहे. म्हणूनच एकटा लांडगा असा खुलेआम चालतो तेव्हा दुसरा कुठे आहे ते शोधायचं. मी शोधला. तो कळपाच्या पुढ्यातल्या घळीत, काठाच्या गवतात. दिसत होते ते फक्त कान.

पहिला कळपाला घळीकडे रेटत होता. पुढे एक म्हातारी मादी, कानाची कड फाटलेली. घळीच्या बरीच अलीकडे ती थांबली. पूर्ण थांबली. मागचा कळप तिच्यावर येऊन अडला.

या क्षणी फोकस कुणावर ठेवायचा, हा सगळ्या प्रकल्पाचा प्रश्न होता. सवय म्हणते लांडग्यावर. कानांवर फोकस गेला असता तर नाट्य मिळालं असतं. मी मादीच्या डोळ्यावर ठेवला, कारण त्या दोन-तीन सेकंदांत निर्णय तिच्या हातात होता. लांडगा फक्त वाट बघत होता.

ती फुरफुरली आणि काटकोनात वळली. मग सगळं एकदम. घळीतला लांडगा सुटला, कळप फाटला, आणि एक तरुण नर उलट्या बाजूला पळाला. लांडगा त्याच्या मागे. आधी अंतर घटत गेलं, नराची खुरं ढेकळांत घसरत होती. सपाटीवर आल्यावर तेच अंतर वाढायला लागलं. लांडगा थांबला, जीभ बाहेर, मागे वळून जोडीदाराकडे बघितलं. सारं मिनिटाच्या आत संपलं.

त्यानंतरचं मला जास्त मोलाचं वाटतं. दहा मिनिटांत कळप पुन्हा चरायला लागला, लांडग्यांच्या नजरेच्या टप्प्यात. दोन्ही लांडगे बसून होते. भीती सतत उकळत नसते. धोका किती आणि कुठे आहे हे माहीत असलं की जनावर शांतपणे चरू शकतं. या शांत चौकटी मी पाठलागाइतक्याच काळजीने घेतल्या.

अशा फसलेल्या शिकारी फोटोंत फार कमी दिसतात, प्रत्यक्षात त्याच जास्त. १९६० च्या आसपास लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर लांडगे आणि मूस ही अवाढव्य हरणं यांचा माग ठेवला. लांडग्यांनी हेरलेल्या १३१ मूसपैकी मारले गेले ६. सगळेच शिकारी असे नाहीत. चतुर हा कीटक बंदिस्त जाळीतल्या प्रयोगांत शंभरात नव्वदहून अधिक वेळा सावज पकडताना दिसलाय. पण मोठं, धावतं सावज मारणाऱ्याच्या दिवसात हार हीच नेहमीची. आपल्या भिंतींवर आणि पडद्यांवर फक्त जिंकलेले वाघ-सिंह असतात. त्यामुळे सावज म्हणजे मरणारच अशी समजूत होते, आणि ती चूक आहे.

१२ जानेवारी

कालच्या चौकटी मोठ्या पडद्यावर. मादी आणि घळीतले कान असलेली चौकट उत्तम आहे, आणि तिच्यातच एक अडचण.

मी ३०० मीटरवर, मादी त्याच टप्प्यात, लांडगा तिच्यामागे तिरका. झुडपांच्या खुणांवरून लेझर रेंजफाइंडरने आज मोजलं : दोघांमध्ये ६० मीटर. फोटोत दहाही वाटत नाहीत. हा लेन्सचा दोष समजला जातो, पण कारण आहे उभं राहण्याची जागा. मी त्यांच्यापासून इतकी लांब असताना ६० मीटर मागचा प्राणी फक्त सहाव्या हिश्शाने लहान दिसतो. आपला डोळा त्याला ‘लगतच’ म्हणून वाचतो. जवळ गेले असते तर खरं अंतर दिसलं असतं, पण मग ती शिकारच माझ्यामुळे मोडली असती.

म्हणजे अंतर हाच विषय असलेल्या मालिकेत माझंच साधन अंतर खोटं दाखवतंय. यावर तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक फोटोखाली दोघांमधलं अंतर मीटरमध्ये लिहायचं. मोजता आलं नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द टाकायचा. आणि प्रत्येक प्रसंगाची किमान एक चौकट अशी घ्यायची की जिच्यात माळ, आकाश, दोन्ही प्राणी लहान दिसतील आणि मधली मोकळी जमीन दिसेल. ही रुंद चौकट विकली जाणार नाही. मालिकेत मात्र ती प्रत्येक वेळी पहिली असेल.

२ फेब्रुवारी

धनगरांचा तळ माळाच्या कडेला पडलाय. रात्री लांडग्याने कोकरू नेलं. सकाळी मी तिथे पोचले तेव्हा मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीपाशी ओढल्याची खूण होती आणि जरा पुढे उरलेलं कोकरू.

फोटो घेऊ का, असं वाड्यातल्या, म्हणजे तळावरच्या, मामांना विचारलं. ते म्हणाले, “घ्या की ताई. पण आदी पंचनाम्याला लागतील तसलं घ्या. मग तुमचं.” तसंच केलं. जनावराचे दात कुठे लागलेत, पंजाचे ठसे, शेजारी मोजपट्टी. वनविभागाकडून भरपाई मिळायला हे लागतं. माझ्या कामाचा आजवरचा सर्वांत थेट उपयोग हाच झाला.

मामांना लांडग्याचा राग होता का? होता. “त्येला बी पोट हाय,” हेही ते म्हणाले, आणि लगेच कुत्र्यांवर ओरडले. दोन्ही एकाच दमात. मेंढी हे आता दख्खनच्या लांडग्याचं मोठं सावज आहे. माळ नांगरले गेले, काळवीट अभयारण्यांत आकसलं, लांडगा मात्र अभयारण्याच्या हद्दीत मावत नाही. तेव्हा मेंढरांशिवाय ही मालिका अर्धवट राहील. संध्याकाळी कळप वाड्याकडे परतताना धुळीत टिपला. पुढे मेंढरं, मागे कुत्रं, कुत्र्याची नजर टेकाडाकडे. मामांचा चेहरा कुठे येणार नाही याची काळजी घेतली.

२३ फेब्रुवारी

परवान्यात मंजूर असलेल्या एका पाणवठ्यावर कॅमेरा ट्रॅप लावलेत. रात्रीचा खोकड, तरस, ससा यांच्यासाठी.

स्वयंचलित सापळा-कॅमेऱ्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून, तारेला पाय लागला की फ्लॅश उडेल अशी योजना करून रानातल्या वाघांचे फोटो मिळवले. बंदूक बाजूला ठेवून हे करणारे त्या काळात विरळा. आज तारेऐवजी उष्णता टिपणारा सेन्सर आहे. आसपासच्या जमिनीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की तो चालू होतो. याच कारणाने तापलेल्या दुपारी तो मंद पडतो, कारण जमीन आणि जनावर जवळपास सारखेच गरम. रात्री उत्तम.

एकाच पाणवठ्यावर ससा आणि खोकड येतात, पण वेगवेगळ्या वेळी. दोन वेगळ्या वेळांचे फोटो एकावर एक जोडून एक चित्र करणं सोपं आहे आणि आकर्षकही. करणार नाही. दोन चौकटी शेजारी शेजारी, प्रत्येकीखाली वेळ. ससा गेला ८:१०, खोकड आलं ८:५२. इथे मधलं अंतर मिनिटांचं आहे.

१५ मार्च

साडेआठलाच हवा उकळायला लागली. ३०० मीटरवरचं सगळं थरथरतं, महागडी लेन्सही काही करू शकत नाही. जमिनीलगत थर सर्वांत वाईट, म्हणजे डोळ्यांच्या पातळीवर यायला खाली झोपावं तर तिथेच फोटो बिघडतो. आता खिडकीच्या उंचीवरूनच काम, आणि सूर्य हातभर वर आला की थांबायचं.

पाडसांचे दिवस आहेत. काळविटाचं पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहतं. आई लांब चरते, पाजायला येते, पुन्हा जाते. एकटं दिसलेलं पाडस ‘हरवलेलं’ समजून लोक उचलतात. ते हरवलेलं नसतं. फोटोसाठी जवळ जाणंही तितकंच वाईट. माणसाने तुडवलेलं गवत आणि मागे राहिलेला वास, दोन्ही कोल्ह्याला उपयोगी. म्हणून पाडसाचा जवळून फोटो माझ्याकडे नाही, आणि नसेल.

आज कोल्ह्यांची जोडी गवत हुंगत फिरत होती. मादी काळवीट डोकं खाली घालून एकावर चालून गेली. तो मागे हटला. ती त्याच्या मागे लागली आणि तेवढ्यात दुसरा हुंगत राहिला. सेरेंगेटीतल्या जुन्या निरीक्षणांतही जोडीने फिरणारे कोल्हे गॅझेलची पाडसं जास्त वेळा धरताना दिसलेत. कारण आज डोळ्यांसमोर होतं. आई एकाच वेळी एकाच दिशेला धावू शकते. दुसऱ्याने पाडस उचललं.

माझा हात हॉर्नवर गेला नाही. कोल्ह्यांनाही पिल्लं असतील या विचाराने नव्हे. हे माझ्याशिवाय जसं घडलं असतं तसंच घडू देणं, एवढ्याच अटीवर मला इथे बसायची मुभा आहे. आई बराच वेळ त्या जागी हुंगत उभी होती. मी दूधभरली आचळं दिसणारी चौकट घेतली, आणि मग कॅमेरा खाली ठेवून नुसती बघत राहिले.

१८ मार्च

तीन दिवस ठरत नव्हतं, आज ठरलं. पाडस तोंडात धरलेला कोल्हा मालिकेत येईल. रक्त दाखवायचं नाही असा विचार होता, पण फक्त सुटकेचे फोटो लावले तर तेही खोटंच. एकच फोटो, लांबून, मागे आई दिसत असलेला. चौकट कापून कोल्हा मोठा करायचा नाही.

५ एप्रिल

फोटोओळी लिहिते आहे. प्रत्येक फोटोखाली : प्राणी, महिना, अंतर, गाडीतून की ट्रॅपने, शिकारीचं काय झालं. शेवटचं महत्त्वाचं. ‘पाठलाग फसला’ हे शब्द मालिकेत वारंवार येतील, यावेत.

प्राणी मुक्त, रानातला, आमिष नाही, हेही प्रत्येक ठिकाणी लिहायचं. २००९ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचा फोटो सर्वोच्च ठरला होता. लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली आणि पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला पुरस्कार काढून घेतला गेला. तो फोटो सुंदर होता. पण शिकाऱ्याच्या फोटोतली किंमत बघणाऱ्याच्या विश्वासावर उभी असते. हे जनावर उपाशी राहू शकलं असतं, हे सावज सुटू शकलं असतं, हा तो विश्वास. पाळलेल्या जनावराच्या उडीत तो धोकाच नसतो.

१९ एप्रिल

निवड संपली. वनविभागाला द्यायच्या प्रतींत जागेची माहिती आहे, बाकी सगळ्या फाइलींतून जीपीएस काढून टाकलं. ओघळ ओळखू येईल अशा दोन चौकटी चांगल्या असूनही वगळल्या. लांडग्यांनी पिल्लं बाहेर फिरवायला सुरुवात केली आहे असं दादांकडून कळलं, मी गेले नाही.

राहिलेलं काम : खोकड आणि उंदीर, चांदण्यात, फ्लॅशशिवाय. ट्रॅपचा इन्फ्रारेड उजेड काम भागवतो, पण चित्र सपाट येतं. एफ/१.४ ची लेन्स, आयएसओ १२८००, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री, स्थिर ट्रायपॉड, अशी चाचणी आधी गाडीपाशी दगडावर करून बघायची. तसंच टिटवी आणि घोरपड. अंड्यांवर घोरपड आली की टिटवी काय करते हे अनेकदा ऐकलंय, फोटोत दोघं अजून आलेले नाहीत. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मे अखेर. पावसात गवत रुजेपर्यंत माळावर गाडी न्यायची नाही.